‘पोहता येत असतं तर वाचले असते’ म्हणणाऱ्यांसाठी

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी तीस फुटांच्या वर सरकलं की आमच्या सांगलीवाडीच्या ग्रुपवर एक मेसेज हटकून येतो. यंदा तो मला एकाच दिवसात चारदा आला. गल्लीच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, भाच्याकडून, आणि ज्यांच्यासमोर मी आजही मांडी घालून बसतो अशा माझ्या निवृत्त मास्तरांकडून. मास्तरांनी पाठवला म्हणून हे लिहायला बसलो, नाहीतर सोडून दिला असता.

मेसेज असा आहे: “कृष्णाकाठच्या बंधूंनो, डोळे उघडा. बोट उलटून मरणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना पोहता येत नसतं. ज्याला पोहता येतं त्याला पाणी मारत नाही. नदीला दोन काठ असतात, हाकेच्या अंतरावर जमीन असताना बुडणं ही ज्याची त्याची चूक. दोन-चार माणसं जादा बसली म्हणून बोट बुडत नाही, लोक घाबरून एका बाजूला पळतात म्हणून बुडते. लाईफ जॅकेट हे समुद्रावरचं सोंग, जॅकेट घालूनसुद्धा माणसं मेलीत. गप्प बसा, नावाड्याचं ऐका. पोरांना पोहायला शिकवा. ब्रह्मनाळ परत नको. पुढे पाठवा.”

पोरांना पोहायला शिकवा, हे शंभर टक्के मान्य. मी स्वतः सरकारी घाटावर पाठीला भोपळा बांधून शिकलो, आणि पुढं पुराच्या पाण्यात आयर्विनवरून उड्या टाकणाऱ्या कार्ट्यांत मीही होतो. वडिलांनी त्यासाठी दिलेला मार अजून आठवतो. नंतर अठ्ठावीस वर्षं मालवाहू जहाजांवर गेली, त्यातली शेवटची अकरा चीफ ऑफिसर म्हणून. चीफ ऑफिसरचं मुख्य काम लोकांना वाटतं तसं दुर्बिणीतून बघत उभं राहणं नसतं. कुठल्या खणात किती माल, टाक्यांत किती पाणी, आणि एवढं सगळं भरल्यावर जहाजाचा तोल राहतो का, ही आकडेमोड करत बसायचं. त्यामुळं मेसेजमधल्या ‘दोन-चार जादा’ या शब्दांवर माझी नजर अडकली ती अडकलीच.

आणि ब्रह्मनाळचं नाव. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: पलूस तालुक्यात येरळा जिथं कृष्णेला मिळते तिथलं हे गाव. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विनला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. पंचेचाळीसला धोक्याची पातळी असते. ८ ऑगस्टला सकाळी पुरात अडकलेल्यांना बाहेर काढणारी बोट तिथं उलटली. झेपेल त्याहून जास्त माणसं बोटीत होती, आणि इंजिनाच्या पंख्यात झाडाची फांदी अडकली असं तेव्हाच सांगितलं गेलं. मेलेल्यांत बहुतेक बायका आणि लेकरं. मेसेज लिहिणारा या बायकांना सांगतोय की तुम्हाला पोहता आलं असतं तर बरं झालं असतं.

आता एकेक वाक्य घेऊ.

“शंभरातल्या नव्वदांना पोहता येत नसतं.” हा नव्वदचा आकडा कुणी, कुठं, कसा मोजला याचा मेसेजमध्ये पत्ता नाही. पण घटकाभर खरा धरू. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही गावातून शंभर माणसं उचला, त्यात म्हाताऱ्या, बाळंतिणी, तान्ही पोरं सगळी आली, आणि विचारा कुणाकुणाला पोहता येतं. दहा हात वर आले तर डोक्यावरून पाणी. म्हणजे बोटीत बसलेल्यांतच नव्वद न पोहणारे असतील, तर मेलेल्यांतही नव्वदच निघणार. याच हिशेबानं ‘मेलेल्यांत नव्वद टक्के लोक चहा पिणारे होते’ असंही छापता येईल. खरा प्रश्न असा विचारायला हवा की पोहणारे आणि न पोहणारे यांच्यात वाचण्याचं प्रमाण किती वेगळं होतं, आणि बोट कुठल्या तऱ्हेनं उलटल्यावर ते वेगळं होतं.

“ज्याला पोहता येतं त्याला पाणी मारत नाही.” हे वाक्य सगळ्यात जास्त पसरलेलं आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

ब्रिटनमध्ये १९७७ साली तिथल्या गृहखात्याच्या एका समितीनं उघड्या पाण्यात बुडून मेलेल्यांचा अभ्यास केला होता. निम्म्याहून जास्त लोक आधाराच्या जागेपासून तीन मीटरच्या आत मेले होते. तीन मीटर म्हणजे आपल्या घाटाच्या फार तर दहा पायऱ्या. आणि त्यांतल्या दोनतृतीयांश लोकांची ओळख चांगले पोहणारे अशी होती. तिथलं पाणी थंडगार असतं हे खरं. एकदम गार पाण्यात पडलं की माणूस आपोआप जोरात श्वास ओढतो, तोंड पाण्याखाली असेल तर पहिला घोट तिथंच फुप्फुसात जातो, आणि मग दहा-पंधरा मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात. टायटॅनिकच्या वेळी, एप्रिल १९१२ मध्ये, पाणी शून्याच्याही खाली होतं. अंगात जॅकेट घालून पाण्यावर तरंगत असलेली शेकडो माणसं तिथं थंडीनं गेली. बुडाली म्हणणंसुद्धा बरोबर नाही.

कृष्णेचं पाणी ऑगस्टमध्ये तसं गार नसतं, हे मला कुणी सांगायला नको. पण मेसेज लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढं जे पोहणं आहे ते घाटावरचं पोहणं आहे. कपडे काढून, अंग पाण्याला सरावून, दम घेऊन मारलेला सूर. उलटलेल्या बोटीतला माणूस त्या स्थितीत कधीच नसतो. बोट डोक्यावर पालथी पडलेली असते. अंगावर भिजलेलं लुगडं, नाहीतर जीन्स. कडेवर पोर. आणि आजूबाजूची दहा माणसं हाताला येईल ते घट्ट धरतायत. बुडणारा माणूस ओरडत नाही, त्याला श्वासच पुरत नाही, तो धरतो. त्यानं धरलेला माणूस पट्टीचा पोहणारा असला तरी दोघंही खाली जातात. काठावरून उडी मारून वाचवायला गेलेला भाऊ किंवा बाप मेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात पेपरात असतात, आणि त्यांतले बरेच पोहणारे असतात.

शिवाय पुराची कृष्णा म्हणजे पात्रातली कृष्णा नव्हे. खाली ऊस उभा असतो. तारेचं कुंपण असतं, विहिरीचा कठडा, विजेचा खांब, द्राक्षबागेचे अँगल. ऑलिंपिकमधला शंभर मीटरचा गडी सेकंदाला दोन मीटरच्या आसपास जातो, तेही तलावात, चड्डीवर. पुराची धार त्याला मागं टाकू शकते. धारेत माणूस पोहत नसतो, वाहत असतो. पोहणं येत असलं तर फक्त कुठं वाहत जायचं हे थोडंफार ठरवता येतं. तेवढंही कमी नाही. पण ‘पाणी मारत नाही’ म्हणण्याइतकं ते खासच नाही.

इथं मेसेजवाल्याच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती खरी आहे. ‘रामदास’ बोट. १७ जुलै १९४७, गटारीचा दिवस, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ पलटी झाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यातून जे थोडे वाचले त्यांत पट्टीचे पोहणारे होते. पण ते सगळे पोहत किनाऱ्याला लागले असं समजू नका. बरेच जण कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. पोहण्यानं त्यांना होडी येईपर्यंतचा वेळ दिला. वेळ मिळणं हीच अशा अपघातातली सगळ्यात महाग चीज आहे, आणि ती पोहण्यापेक्षा स्वस्तात मिळते. त्यावर जॅकेटच्या ठिकाणी येतो.

“नदीला दोन काठ असतात.” असतात. शिकागो शहरातल्या नदीलाही दोन काठ आहेत. २४ जुलै १९१५ ला सकाळी तिथं ‘ईस्टलँड’ नावाची प्रवासी बोट धक्क्याला दोरखंडांनी बांधलेली होती. एका कंपनीतल्या कामगारांची सहल, अडीच हजारांवर माणसं चढलेली, बायका-मुलं नटूनथटून. बोट अजून सुटलीही नव्हती. ती कलली, सावरली, पुन्हा कलली, आणि धक्क्याशेजारीच कुशीवर आडवी झाली. पाणी वीस फूट. बोटीचं वरचं अंग पाण्याबाहेर, त्यावर माणसं उभी राहिली होती, काही जण पाय न भिजवता धक्क्यावर आले. तरीही ८४४ माणसं मेली. कशी? जी आतल्या मजल्यावर होती त्यांच्या पायाखालची जमीन भिंत झाली आणि भिंत छत झाली. टेबलं, खुर्च्या, एक भला मोठा पियानो, सगळं अंगावर. जिने अडवले गेले. तिथं काठ हाकेच्या नव्हे, हाताच्या अंतरावर होता.

ईस्टलँडचा एक भाग मला कायम टोचतो. ती बोट मुळातच वरून जड, तिच्या कलण्याच्या तक्रारी आधीच्या वर्षांपासून होत्या. टायटॅनिकनंतर जहाजांवर पुरेशा लाईफबोटी हव्यात अशी मागणी झाली, कायदा आला, आणि त्या कायद्यापायी तिच्या वरच्या डेकवर आणखी लाईफबोटी चढवल्या गेल्या. जीव वाचवायला आणलेलं वजन नेमकं जिथं नको तिथं, उंचावर, जाऊन बसलं. सुरक्षिततेचं सामान मोजलं, तोल कुणी मोजला नाही.

म्हणजे आपण वजनावर आलोच.

“दोन-चार माणसं जादा बसली म्हणून बोट बुडत नाही.” यातली गंमत अशी की शब्दशः बघितलं तर हे बरोबर आहे, आणि म्हणूनच ते घातक आहे. वीस फूट लांब आणि पाच फूट रुंद होडी घ्या, जशी आपल्याकडं पुरात वापरतात. निमुळत्या टोकांमुळं तिनं पाण्यावर व्यापलेली जागा धरा सात चौरस मीटर. सत्तर किलोचा माणूस चढला की ती होडी एक सेंटीमीटर खाली जाते. दहा माणसं जादा म्हणजे दहा सेंटीमीटर, अर्धी वीत. नावाडी कडेला बघतो, अजून हातभर कड पाण्याबाहेर दिसते, म्हणतो ‘बसा, बसा, काय होत न्हाई’. आणि स्थिर पाण्यात, सगळे खाली बसलेले असताना, खरंच काही होत नाही.

होतं ते पुढं. उसाची ट्रॉली आठवा. तेवढाच ऊस खाली रुंद पसरून भरला तर ट्रॉली खड्ड्यातून हेलकावत का होईना निघून जाते. तोच वर मनोरा करून भरला तर साध्या वळणावर आडवी होते. ट्रॉलीच्या एकूण वजनापेक्षा ते वजन किती उंचावर आहे यावर खेळ असतो. होडीत माणूस बसला की त्याचं वजन खाली असतं, उभा राहिला की वर जातं. जागा संपली की उशिरा आलेले उभेच राहतात. म्हणजे जादा माणूस हा नुसता सत्तर किलो नसतो, तो सगळ्यात उंचावरचा सत्तर किलो असतो. त्यात कड अर्धी वीत खाली आलेली. आता होडी थोडी कलली की कडेवरून पाणी आत येतं.

आत आलेलं पाणी हा वेगळाच राक्षस आहे. घरी परातीत दोन बोटं पाणी घ्या आणि ती दोन्ही हातांत धरून अंगणात चाला. परात जरा कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. होडीच्या तळात घोट्याएवढं पाणी साचलं की तेच होतं. बेल्जियमच्या झेब्रुग बंदरातून ६ मार्च १९८७ ला निघालेल्या ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ या फेरीबोटीचे पुढचे दरवाजे बंद करायचे राहून गेले. गाड्या ठेवायच्या सपाट डेकवर समुद्र शिरला, परातीतल्यासारखा एका बाजूला गेला, आणि दीड मिनिटाच्या आसपास एवढी मोठी बोट आडवी झाली. १९३ माणसं गेली. दीड मिनिट म्हणजे जॅकेट कुठं आहे हे विचारायलाही पुरत नाही.

जादा भरण्याची किंमत पावती फाडतो तशी लगेच द्यावी लागत नाही, म्हणून रोज चालून जातं. केरळमध्ये तानूरला ७ मे २०२३ रोजी उलटलेली सहलीची बोट मुळात मासेमारीची. तिच्यावर मजला चढवलेला, क्षमता बावीसची, माणसं तिच्याहून कितीतरी जास्त. बावीस जण मेले. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ ला शाळेची सहल गेली, बोटीत तिला झेपतील त्याहून दुप्पट जीव होते, आणि १२ मुलं आणि २ शिक्षिका बुडाल्या. तलावच होता तो. काठ सगळीकडून दिसत होता. त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबईत घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ फेरीबोटीला नौदलाच्या वेगवान बोटीनं धडक दिली. ती टक्कर हा वेगळा विषय, पण नीलकमलवर ८४ प्रवाशांची परवानगी असताना शंभराहून जास्त लोक होते हे विसरता येत नाही.

याच वाक्याचा दुसरा भाग: “लोक घाबरून एका बाजूला पळतात म्हणून बुडते.” हा सगळ्यात चलाख आरोप आहे, कारण तो अर्धा खरा असतो आणि सगळा दोष मेलेल्यांवर टाकतो. केरळच्याच थेक्कडीला ३० सप्टेंबर २००९ रोजी ‘जलकन्यका’ ही दुमजली बोट उलटली, ४५ पर्यटक गेले. काठावर जनावरं दिसली म्हणून लोक एका बाजूला गेले होते. बरं, जंगलातल्या तलावात जनावरं दाखवायला नेलेले लोक जनावरं दिसल्यावर काय करणार? दुसरीकडं तोंड करून बसणार? म्हणूनच प्रवासी जहाजांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत तोलाची एक परीक्षा असते: सगळे प्रवासी एका कडेला गर्दी करून उभे आहेत असं धरायचं, आणि तरीही जहाज दहा अंशांपेक्षा जास्त कलता कामा नये. नियम लिहिणाऱ्यांनी माणूस कसा वागतो हे गृहीत धरलंय. जी बोट हत्ती बघायला गर्दी झाली म्हणून उलटते ती धक्क्यावरून सुटायच्या आधीच नापास झालेली असते. ‘पब्लिकनं गोंधळ केला’ हे मी जहाजावर ऐकलं तर पहिल्यांदा भरणीचा कागद मागवीन.

“लाईफ जॅकेट हे समुद्रावरचं सोंग, जॅकेट घालूनसुद्धा माणसं मेलीत.” दुसरा भाग खरा आहे. तौक्ते वादळात, १७ मे २०२१ ला, मुंबईपासून दूर समुद्रात ‘पी-३०५’ या बार्जचे, म्हणजे कामगारांच्या राहण्याच्या मोठ्या तराफ्याचे, नांगर तुटले आणि ती बुडाली. २६१ माणसं होती. सत्तरहून जास्त गेली, आणि त्यांतल्या अनेकांच्या अंगात जॅकेट होतं. पण त्याच रात्री राक्षसी लाटांत तासन्‌तास तरंगून नौदलाच्या हाती लागलेले १८६ जणही होते, आणि त्यांच्याही अंगात जॅकेटच होतं. पहिली ओळ सांगायची आणि दुसरी गाळायची याला आमच्याकडं लबाडी म्हणतात.

जॅकेट नेमकं काय करतं हे बहुतेकांना सांगितलेलंच नसतं. जहाजावरच्या जॅकेटला अट अशी की बेशुद्ध माणूस पालथा पडला तरी त्यानं पाच सेकंदांत त्याला उताणा करावा आणि तोंड पाण्यापासून १२ सेंटीमीटर वर धरावं. म्हणजे पोहता न येणाऱ्याला आणि पोहता येत असून डोक्याला मार लागलेल्याला ते एकाच पातळीवर आणतं. मघाशी म्हटलेला वेळ तो हाच, आणि तो लेकराला, आजीला, कुणालाही मिळतो. पोहायला शिकायला एक उन्हाळा जातो. जॅकेटचे बंद बांधायला अर्धं मिनिट.

सोंग होतं ते वेगळ्या कारणानं. न्यूयॉर्कला १९०४ मध्ये ‘जनरल स्लोकम’ या सहलीच्या बोटीला आग लागली, हजाराहून जास्त लोक गेले, बहुतेक बायका आणि मुलं. तिच्यावर जॅकेटं होती. वर्षानुवर्षं टांगून ठेवलेली. आतल्या बुचाचा भुगा झालेला. आयांनी ती पोरांच्या अंगात घातली आणि पोरं दगडासारखी खाली गेली. इकडं आमच्या बाजूच्या एका जलाशयात मी घरच्यांना घेऊन लाँचनं फिरायला गेलो होतो. जॅकेटं बाकाखाली नायलॉनच्या दोरीनं एकत्र बांधून ठेवलेली. मी सोडायला लागलो तर पोरगा म्हणाला, “राहू द्या काका, मळत्यात.” बायकोनं माझ्याकडं बघितलं, मी पोराकडं. आम्ही सोडली. बाकीच्या वीस जणांनी नाही सोडली, आणि ती पूर्ण फेरी आम्ही दोघं येड्यासारखे केशरी दिसत होतो.

एक सूचना मात्र द्यायला हवी, कारण जॅकेटचाही अंधविश्वास नको. छत आणि काचा असलेल्या बंद केबिनमध्ये बोट उलटली तर जॅकेट माणसाला छताशी चिकटवून ठेवतं, खाली बुडी मारून दारातून बाहेर पडणं अवघड होतं. म्हणून जॅकेट घालून शक्यतो उघड्यावर, दाराजवळ बसावं. विमानातही बाहेर पडायच्या आधी जॅकेट फुगवू नका म्हणतात ते यासाठीच.

“गप्प बसा, नावाड्याचं ऐका.” हे एरवी मीही म्हणेन. पण हे वाक्य वाचून मला ‘सेवोल’ हे प्रवासी जहाज आठवतं. १६ एप्रिल २०१४, दक्षिण कोरिया, ४७६ माणसं, त्यातली शाळेच्या सहलीची मुलं सव्वातीनशे. जहाजावर परवानगीच्या दुपटीहून जास्त माल; तो बसावा म्हणून तळातलं तोलाचं पाणी कमी केलेलं. एका वळणाला ते कललं ते सावरलंच नाही. स्पीकरवरून सांगण्यात आलं, जिथं आहात तिथंच थांबा. मुलं शहाणी होती. थांबली. कप्तान सुरुवातीच्याच सुटका झालेल्यांत बाहेर पडला. ३०४ गेले, त्यात २५० विद्यार्थी. जे न ऐकता बाहेर पडले ते वाचले.

‘बायका-मुलं आधी, कप्तान शेवटी’ ही समजूत टायटॅनिकनं घट्ट केली. स्वीडनच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये तीन शतकांतल्या अठरा जहाजबुडींचा हिशेब मांडला. वाचण्यात पुढं खलाशी, मग कप्तान, मग पुरुष प्रवासी, मग बायका, शेवटी मुलं. बायकांचं वाचण्याचं प्रमाण पुरुषांच्या जवळपास निम्मं. टायटॅनिक हा अपवाद निघाला. ब्रह्मनाळची यादी त्या हिशेबात चपखल बसते.

माझा मेसेजवरचा खरा राग इथं आहे. पोहता येणं न येणं हा साखळीतला शेवटचा दुवा. त्याआधी बोट कुणी बनवली, तिच्यावर किती बसवले, कुणी मोजले, जॅकेट किती होती, पंख्याभोवती जाळी होती का, इंजिन बंद पडलं तर दुसरं वल्हं होतं का, हे सगळे दुवे आहेत, आणि ते सगळे जिवंत माणसांच्या हातात होते. इंजिन बंद पडलेली बोट धारेत आडवी होते, आणि आडवी बोट झाडाला टेकली की धार तिला एका बाजूनं उचलून पालथी घालते. तिथं पोहण्याचा संबंध नंतर येतो. पण पुढे पाठवायला सोपं कोणतं? ‘जाळी बसवा’ की ‘पोहायला शिका’? पहिल्याला खर्च आहे आणि कुणाच्या तरी नावावर टाकावा लागतो.

मास्तरांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “अरे, पण पूर चढतोय, बोट एक आहे, माणसं पन्नास आहेत. तिसाव्याला खाली उतरवायचं धाडस तू करशील?”

मला उत्तर आलं नाही. अठ्ठावीस वर्षांत मी माल नाकारला, माणूस कधी नाकारला नाही. पूर्वी आमच्याकडं गुळाच्या काहिली पाण्यात सोडून माणसं काढायचे, एका काहिलीत दोघं-तिघं; कुणी चौथा चढलाच नाही, कारण काहील लगेच डुचमळून दाखवायची. मोठी बोट दाखवत नाही. एवढंच मला म्हणता आलं की तिसाव्याचा प्रश्न ऑगस्टमध्ये सुटत नाही, तो मे महिन्यात सोडवायचा असतो. दुसरी बोट, दुसरा फेरा, आणि पाणी दारात यायच्या दोन दिवस आधी म्हाताऱ्या-लेकरांना हलवणं.

मास्तर म्हणाले, “मग मे मध्ये काय केलंस?”

केलं होतं, थोडंसं. नदीकाठच्या एका गावात बहिणीकडं गेलो होतो, तिथल्या शेडमधली बोट उघडून बघितली. जॅकेटं अठरा निघाली, त्यांतल्या पाचांचे बकल तुटलेले, दोन उंदरांनी कुरतडलेली. इंजिन तिसऱ्या ओढीला सुरू झालं. पोरांनी हौसेनं बोट धुतली, निळा रंग दिला, दोन्ही बाजूंना गावाचं नाव घातलं. मी म्हटलं, नावाखाली मोठ्या अक्षरांत लिहा, एवढीच माणसं. नद्या-तलावांतल्या बोटींच्या २०२१ च्या कायद्यात बोटीची नोंदणी आणि तपासणी आहे, त्यात हा आकडा ठरतो.

पेंटर ब्रश बुडवून उभा राहिला. “बोला काका, किती लिहू?”

सरपंचांनी ग्रामसेवकाकडं बघितलं. ग्रामसेवकानं बोट चालवणाऱ्या पोराकडं. पोरगं म्हणालं, “मागच्या पुरात तर आम्ही मोजलीच न्हाईत.”

पेंटरनं ‘क्षमता’ एवढं लिहून पुढं जागा सोडली.